कार्यशाळेतील मातीची जमीन

विणकराचे घर, लोहाराची भट्टी आणि मूर्तिकाराची ओतशाळा या तीन जागांत वरवर पाहता काही साम्य आढळत नाही. पहिल्या ठिकाणी सूत तुटू नये म्हणून जपून काम चालते, दुसऱ्या ठिकाणी घणाचे घाव पडतात आणि तिसऱ्या ठिकाणी वितळलेली धातू साच्यात ओतली जाते. तरीही भारताच्या बहुतेक भागांत या तिन्ही व्यवसायांची जमीन शतकानुशतके एकाच पदार्थाची होती, आणि तो पदार्थ म्हणजे चोपून घट्ट केलेली माती. दारिद्र्य हे त्याचे एक कारण होते यात शंका नाही. परंतु ज्या कारागिरांच्या हातून उत्तम वस्त्रे आणि उत्तम मूर्ती तयार झाल्या, त्यांनी आपल्या पायाखालची भुई केवळ नाइलाज म्हणून पत्करली होती असे मानणे चुकीचे ठरेल.

प्रथम विणकराचे उदाहरण घेऊ. खड्ड्याच्या मागावर काम करणारा विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय समोरच्या खड्ड्यात सोडतो आणि खड्ड्यातील पावड्या पायांनी दाबून ताण्याचे धागे खालीवर करतो. त्यामुळे ताणा जमिनीपासून फारसा उंच नसतो. हवेत ओलावा असला म्हणजे कापसाचे सूत अधिक बळकट होते आणि कोरड्या हवेत ते तटातटा तुटते. म्हणूनच कापडगिरण्यांना हवेत पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रे बसवावी लागली. ढाक्याच्या मलमलीचे अतितलम सूत पहाटेच्या दमट हवेत कातले जाई, त्याचे कारणही हेच होते. खड्ड्याच्या भिंती आणि सभोवारची मातीची भुई हळूहळू पाणी शोषून घेते आणि हळूहळू सोडते. उन्हाळ्यात विणकर मागाभोवती पाणी शिंपडतो तेव्हा ते पाणी वाहून जात नाही. जमिनीत मुरते आणि दिवसभर ताण्याच्या खाली गारवा राहतो.

लोहाराची गरज याहून वेगळी असते. तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा सांडशीतून निसटला तर तो जमिनीवर पडणार. काँक्रीटच्या पोटात नेहमी थोडे पाणी असते. एकाएकी उष्णता लागल्यास त्याची वाफ होते आणि पृष्ठभागाचे कपचे उडतात. मातीची जमीन अशा वेळी फार तर करपते. शिवाय ऐरणीचा लाकडी ठोकळा मातीत खोल पुरून भोवती चोप दिला म्हणजे घणाचा हादरा भुईत जिरतो. सुताराचा पटाशीवरचा विश्वासही काहीसा याच जमिनीवर अवलंबून असतो. हातातून सुटलेली पटाशी मातीवर पडली तर तिची धार सहसा वाचते, फरशीवर पडली तर दिवसभराचे काम धार लावण्यातच जाते.

तमिळनाडूत कावेरीकाठी स्वामीमलै येथे पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती मेणाच्या प्रतिमेवर नदीच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, मेण वितळवून काढतात, आणि तो पोकळ साचा जमिनीत पुरून त्यात रस ओततात. येथे जमीन हे कामाचे एक हत्यारच होय. फरशीबंद ओतशाळेत हे काम करावयाचे तर मातीचा खड्डा पुन्हा मुद्दाम तयार करावा लागेल.

मात्र मातीच्या जमिनीचे गुण सांगताना तिचे दोष झाकता कामा नयेत. जेथे सतत पाणी सांडते अशी रंगाऱ्याची जागा, जेथे दूध किंवा अन्न हाताळले जाते अशी जागा, जेथे जड यंत्रे बसवावयाची आहेत अशी जागा मातीच्या जमिनीस योग्य नव्हे. निकृष्ट मातीची जमीन आरोग्यासही घातक ठरते. बिहारमध्ये काळा आजार पसरवणारी वाळूमाशी ओलसर व सेंद्रिय पदार्थ मिसळलेल्या भुईत आणि भेगांत अंडी घालते. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० साली गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनींवर सिमेंट घालण्याची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा त्या घरांतील मुलांमध्ये जंतांचे व अतिसाराचे प्रमाण कमी झाल्याचे पुढील पाहणीत आढळून आले. तेव्हा प्रश्न मातीची स्तुती करण्याचा नाही. भुसभुशीत, भेगाळलेली, ओल धरणारी भुई आणि नीट केलेली कठीण जमीन या दोन निराळ्या वस्तू आहेत. त्यांच्यातील अंतर कशामुळे पडते हे समजून घेणे एवढाच येथील हेतू आहे.

माती कोणती?

माती कठीण होते म्हणजे नेमके काय होते? विटेप्रमाणे ती भाजलेली नसते, सिमेंटप्रमाणे तिच्यात नवे स्फटिक तयार झालेले नसतात. तिचा कठीणपणा दोन गोष्टींवर उभा असतो. पहिली गोष्ट म्हणजे लहानमोठे कण एकमेकांत घट्ट बसणे. दुसरी, त्या कणांना धरून ठेवणारी चिकणमाती वाळून आवळली जाणे. ०.००२ मिलिमीटरहून लहान कणांना शास्त्रीय परिभाषेत चिकणमाती म्हणतात. त्याहून मोठे, पण डोळ्यांना सुटे न दिसणारे कण म्हणजे गाळ. त्यानंतर वाळू आणि मग खडी. खडी व वाळू हा जमिनीचा सांगाडा होय, आणि चिकणमाती हे त्याचे बंधन होय. गाळ मात्र दोन्हींपैकी कोणतेच काम धड करीत नाही. तो फार झाला की जमिनीची धूळ होते.

नवशिके लोक येथेच पहिली चूक करतात. चिकणमाती चिकट असते, म्हणून ती जितकी जास्त तितकी जमीन बळकट, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः चिकणमाती पाणी घेतल्यावर फुगते आणि वाळताना आकसते. तिचे प्रमाण वाढले की जमिनीला भेगा पडतात. शंभर भागांत चिकणमाती साधारण पंधरा ते पंचवीस भाग असावी आणि निम्म्याहून अधिक भाग वाळू व बारीक मुरमाचा असावा, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते.

हे मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व उरलेले पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून, बरणी जोराने हलवावी आणि ठेवून द्यावी. वाळू एका मिनिटाच्या आत तळाशी बसते. तिच्यावर गाळाचा थर काही वेळाने बसतो. वरचे पाणी निवळून चिकणमातीचा थर दिसू लागण्यास मात्र एक दिवस, कधीकधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. तीन थरांची जाडी पाहिली म्हणजे मातीचा अंदाज येतो. याहून अधिक विश्वसनीय परीक्षा आकसण्याची. साठ सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल अशी लाकडी पेटी ओल्या मातीने ठासून भरावी आणि सावलीत वाळू द्यावी. टोकाशी दीड सेंटिमीटरहून अधिक फट पडली तर त्या मातीत वाळू मिसळल्यावाचून जमीन करू नये.

दख्खनच्या पठारावरील काळी माती या परीक्षेत हमखास नापास होते. शेताला ती कितीही मोलाची असली तरी पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात हातभर भेगा पडणाऱ्या त्या मातीची जमीन कोणी करीत नाही. एवढेच नव्हे तर ती खाली असली तरीही वरच्या जमिनीस उचलते व फोडते. म्हणून काळ्या रानात बांधकाम करताना ती खणून काढून तेथे मुरूम भरण्याची पद्धत पडली. मुरूम म्हणजे झिजून सुटलेला खडक. त्यात खडी, वाळू आणि थोडीशी चिकट माती निसर्गतःच मिसळलेली असते. माळवदाच्या छपरासाठी दख्खनमध्ये वापरली जाणारी पांढरी मातीही पोत पाहून वरच्या थरात घेता येते. कोकणपट्टी व केरळ येथील जांभ्याची माती, गंगेच्या खोऱ्यातील पिवळसर गाळमाती, तेलंगणातील लाल वालुकामय माती या सर्वांना कमीअधिक सुधारणा करून जमिनीच्या कामी लावता येते. गाळमातीत वाळू घालावी लागते, लाल मातीत कधी चिकणमाती. कोणत्याही ठिकाणी वरची वीतभर माती मात्र टाकूनच द्यावी. तिच्यात मुळे व कुजलेला पाला असतो. तो पुढे सडतो, पोकळी राहते, आणि वाळवीला आयतेच निमंत्रण मिळते.

ओल खालून येते

मातीच्या जमिनीचा खरा शत्रू वरून सांडणारे पाणी नसून खालून चढणारी ओल हा होय. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते त्याच नियमाने मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. छिद्रे जितकी बारीक तितके ते अधिक उंच जाते. म्हणजे ज्या चोपणीमुळे जमीन कठीण होते तीच चोपणी छिद्रे बारीक करून ओलीला वर येण्याची वाटही करून देते. यावर उपाय एकच. चोपलेल्या मातीच्या खाली असा एक थर द्यावयाचा की ज्यातील पोकळ्या मोठ्या आहेत आणि म्हणून ज्यातून पाणी चढू शकत नाही. मुठीएवढ्या दगडांचा पंधरा सेंटिमीटरचा थर यासाठी पुरतो. त्यात बारीक माती मुळीच मिसळू देऊ नये. त्यावर जाड वाळूचा किंवा खडीचा पातळ थर दिला म्हणजे वरची माती दगडांच्या फटींत गळून पडत नाही.

याच्याही आधी जोते उंच हवे. आतील जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा किमान एक हात उंच असावी, छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडावी आणि अंगणाला बाहेरच्या दिशेने उतार असावा. या तीन गोष्टींत कसूर झाली तर पुढचे सर्व कौशल्य व्यर्थ जाते. खेड्यातील कितीतरी जमिनी चोपणीच्या दोषामुळे खराब झालेल्या नसतात. रस्त्यावर दरवर्षी मुरमाचा नवा थर पडत गेला, रस्ता उंच झाला, जोते खाली राहिले आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागले, एवढाच त्यांचा इतिहास असतो.

चोपणी

मातीत पाणी किती घालावे, हा सर्व कामातील मर्माचा प्रश्न होय. कोरड्या मातीचे कण एकमेकांवर घासतात आणि सरकत नाहीत. थोडे पाणी घातले की कणांना वंगण मिळते व घाव बसताच ते जवळ येतात. परंतु पाणी जास्त झाले की कणांमधील जागा पाण्यानेच व्यापली जाते. पाणी दाबले जात नसल्यामुळे कितीही ठोकले तरी माती घट्ट होत नाही, नुसती लिबलिबते. यांच्या मध्ये कोठेतरी एक असे प्रमाण असते की ज्याला माती सर्वांत अधिक घट्ट बसते. अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी मातीच्या धरणांच्या बांधकामाच्या संदर्भात १९३३ मध्ये हा नियम मांडला, आणि आज रस्ते व धरणे यांच्या भरावाची चाचणी त्यांच्याच पद्धतीने घेतली जाते. ठरावीक वजनाची हातोडी ठरावीक उंचीवरून ठरावीक वेळा मातीवर पाडायची आणि पाण्याचे प्रमाण बदलत जाऊन सर्वांत जड नमुना कोणता ते शोधायचे, असे तिचे स्वरूप आहे. जमिनीच्या कामाला लागणाऱ्या मातीत हे प्रमाण वजनाच्या शेकडा दहा ते पंधराच्या आसपास येते.

गवंड्याची परीक्षा याहून सोपी आहे. मूठभर माती घट्ट दाबून लाडू करावा. हाताला ती ओलसर लागावी, पण बोटांना चिकटू नये. तो लाडू छातीच्या उंचीवरून कठीण जागी सोडावा. तो चारपाच ढेकळांत फुटला तर पाणी बरोबर आहे. भुगा झाला तर कमी, आणि न फुटता चपटा झाला तर जास्त. पाणी घातल्यानंतर माती रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेवावी, म्हणजे ओलावा प्रत्येक ढेकळाच्या पोटात पोहोचतो. घाईच्या कामात ही रात्र वाचवली जाते आणि मग जमिनीत कोरड्या गुठळ्या राहून जातात.

तयार माती बारापंधरा सेंटिमीटर जाडीचा थर करून पसरावी आणि धुम्मसाने ठोकावी. याहून जाड थर घेतला तर घावाचा जोर तळापर्यंत पोहोचत नाही. वर कवच तयार होते आणि खाली भुसभुशीत माती तशीच राहते. अशी जमीन वर्षभर चांगली दिसते आणि मग एके दिवशी मागाचा खांब किंवा तिपाई तिच्यात रुतते. पाचसहा किलो वजनाचा धुम्मस वीत-दीड वीत उचलून, मागील घावाला थोडा भिडेल असा पुढचा घाव घालीत, भिंतीच्या कडेने सुरुवात करून मध्याकडे यावे. कोपरे सर्वांत कच्चे राहतात, म्हणून तेथे लहान ठोकणी घेऊन बसावे लागते. ठोकता ठोकता आवाज बदलतो. आरंभी तो बोदा असतो, माती बसत जाईल तसतसा तो टणक होत जातो, आणि अखेरीस धुम्मस उसळी घेऊ लागतो. तेथे थांबावे. पंधरा सेंटिमीटरचा सुटा थर बसून नऊदहा सेंटिमीटर होतो. दुसरा थर घालण्यापूर्वी पहिल्याचा पृष्ठभाग खरवडून किंचित ओला करावा, नाहीतर दोन थर पापुद्र्यासारखे अलग राहतात.

हे ज्ञान नवे नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील शेतकरी व कारागीर यांची घरे उजेडात आली, आणि त्यांच्या चोपलेल्या जमिनी तीन हजार वर्षांनंतरही ओळखू येण्याजोग्या होत्या.

वरचा थर

वरचा तीनचार सेंटिमीटरचा थर वेगळ्या मातीचा असतो. ती चाळणीतून काढलेली असावी आणि तिच्यात बारीक कापलेला भुसा किंवा काड मिसळून आठवडाभर भिजत ठेवावे. काडाचे तंतू वाळणाऱ्या मातीला धरून ठेवतात आणि एका मोठ्या भेगेऐवजी अनेक सूक्ष्म, निरुपद्रवी भेगा पडतात. पाणसळ लावून जमीन सपाट करावी, पण दाराकडे मीटरला एक सेंटिमीटर इतका उतार ठेवावा.

यानंतर कौशल्याची खरी वेळ येते, आणि ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येते. माती अर्धवट वाळते, अंगठा दाबला तर खूण उठते पण अंगठा रुतत नाही, अशा अवस्थेत लाकडी चोपण्याने सर्व जमीन पुन्हा बडवावी. वाळताना पडू लागलेल्या भेगा या वेळी बंद होतात. एक दिवस आधी बडवले तर माती चोपण्याला चिकटून वर येते. एक दिवस उशीर झाला तर भेगा कायमच्या राहतात, मग त्यांत कितीही गारा भरला तरी प्रत्येक उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडतात. ही बडवणी दोनतीन दिवस चालते. या काळात दारेखिडक्या बंद ठेवून जोराचा वारा व ऊन अडवावे. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटले म्हणजे पृष्ठभागाला चकाकी येते. पूर्ण वाळण्यास हवामानाप्रमाणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर तेथे माग किंवा ऐरण उभी करू नये. कामाविना जाणारे हे आठवडे कारागिराला परवडत नाहीत. बहुतेक जमिनी बिघडतात त्या याच अडचणीपोटी.

चुना आणि तेल

साधी चोपलेली माती भिजली की मऊ होते. हा दोष कमी करण्यासाठी तिच्यात चुना मिसळतात. कळीचा चुना विरवून, चाळून, मातीच्या वजनाच्या शेकडा पाच ते आठ या प्रमाणात घातला तर प्रथम चिकणमातीचे कण गोळा होऊन तिचे फुगणे कमी होते आणि पुढे काही आठवडे ते काही महिने चुन्याची चिकणमातीतील सिलिका व अॅल्युमिना यांच्याशी संथ रासायनिक क्रिया होऊन पाण्यात न विरघळणारे बंधन तयार होते. ही क्रिया ओलाव्यावाचून होत नाही. म्हणून चुन्याची जमीन पटकन वाळवावयाची नसते. दोनतीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावयाची असते. मातीत चिकणपणा कमी असल्यास विटांची सुरकी घालतात. फार वालुकामय मातीला मात्र चुन्यापेक्षा थोडे सिमेंट अधिक मानवते, पण सिमेंट घातलेली माती तासाभरात ठोकून संपवावी लागते. चुना हाताळताना डोळे जपावेत. त्याचा कण डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो.

जपानमधील जुन्या घरांतही कामाच्या दालनाची जमीन अशीच केलेली असे. माती, चुना आणि मीठ तयार केल्यावर उरणारे खारट पाणी हे तिचे तीन घटक, आणि 'तताकी' हे तिचे नाव मुळात ठोकण्यावरूनच पडलेले आहे. मिठागरातील पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतील ओलावा धरून ठेवतात व जमीन धुळीची होऊ देत नाहीत.

दुसरा मार्ग जवसाच्या तेलाचा. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून रंगारी ते वापरतात. पूर्ण वाळलेल्या जमिनीवर कढवलेले तेल किंचित गरम करून, पहिला हात दाट व पुढचे हात टर्पेंटाइनने अधिकाधिक पातळ करून, तीनचार वेळा द्यावे. जमीन ओल्या फडक्याने पुसण्याजोगी होते. परंतु तेलाने भिजलेल्या चिंध्या एकत्र गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. सूत आणि लाकूड यांनी भरलेल्या जागेत ही सूचना विसरण्याजोगी नाही. लोहाराच्या भट्टीजवळ तेलाची जमीन करू नये हे वेगळे सांगावयास नको. विणकराने मागाभोवतीची पट्टीही तेलावाचून ठेवावी, नाहीतर जमिनीचा पाणी शोषण्याचा गुणच नाहीसा होतो. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मातीच्या भिंतींसाठी डांबर व रॉकेल मिसळलेला, पावसाने न झिजणारा गिलावा विकसित केला. तो भिंतीच्या बाहेरच्या अंगासाठी आणि जोत्याच्या कडेसाठी फार उपयोगी आहे.

मागाचा खड्डा हा या जमिनीतील सर्वांत नाजूक भाग. तो जमिनीखाली असल्यामुळे ओल प्रथम तेथे प्रकट होते. आंध्रापासून बनारसपर्यंत अनेक विणकरांचे पावसाळ्यातील कित्येक दिवस खड्ड्यात पाणी भरल्यामुळे वाया जातात, आणि मजुरी कापडावर मिळत असल्याने त्या दिवसांची मजुरीही बुडते. केरळातील चेंदमंगलम येथे २०१८ च्या महापुरात हातमागच पाण्याखाली गेले, तेथे कोणत्याही जमिनीचा इलाज चालला नसता. परंतु नेहमीच्या पावसाचा बंदोबस्त होऊ शकतो. खड्ड्याच्या भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या असाव्यात, तळाखाली दगडांचा थर असावा, आणि भोवती चार बोटे उंच काठ करावा, म्हणजे जमिनीवरचे पाणी आत उतरत नाही.

राखण आणि राखणारे हात

मातीची जमीन एकदा करून मोकळे होता येत नाही. दर आठपंधरा दिवसांनी शेण व मातीचे पातळ सारवण करावे लागते. शेणातील तंतू पृष्ठभाग बांधून ठेवतात व झाडताना धूळ उडत नाही. मात्र शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. जेथे हातापायांना जखमा होतात अशा कामाच्या ठिकाणी धनुर्वाताची लस टोचून घेणे आवश्यक आहे. कोरडी जमीन झाडण्यापूर्वी पाण्याचा सडा घालावा, कारण वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. खड्डा पडल्यास नुसता गारा थापून उपयोग नाही. खराब भाग चौकोनी कापून काढावा, कडा ओल्या कराव्यात, त्याच जातीची माती भरून ठोकावी.

हे सारवण कोण करते? जवळजवळ सर्वत्र स्त्रिया. पाणी आणणे, शेण गोळा करणे, गुडघ्यांवर बसून हाताने फिरवणे हे काम त्यांच्याकडे असते, आणि त्याची मजुरी कोणत्याही हिशेबात लिहिली जात नाही. मातीची जमीन स्वस्त असते असे म्हणताना हे श्रम गृहीत धरलेले असतात. २००१ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५७ टक्के घरांची जमीन मातीची होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास आले. ही घट केवळ फॅशनमुळे झाली असे म्हणणाऱ्यांनी सारवण करणाऱ्या हातांचा विचार केलेला नसतो. चुन्याने किंवा तेलाने पक्की केलेली जमीन ही याच कारणासाठी अधिक न्याय्य ठरते. तिला वारंवार सारवावे लागत नाही. सुरुवातीचा खर्च व श्रम अधिक असले तरी ते एकदाच पडतात.

सर्व काम पुरे झाल्यावर जमिनीची पारख करण्याच्या काही साध्या रीती आहेत. टाच जोराने फिरवली तर धूळ निघू नये. खिळ्याने ओरखडा ओढला तर पांढरी रेघ उठावी, खाच पडू नये. पेलाभर पाणी ओतून पाच मिनिटांनी पुसावे आणि अंगठ्याने दाबून पाहावे. चुन्याच्या जमिनीवर अंगठ्याची खूण उठता कामा नये, साध्या मातीच्या जमिनीवर ती पुसटशी उठली तरी चालते. आणखी एक परीक्षा पावसाळा संपल्यावर घ्यावी. जमिनीवर रात्रभर एक घमेले पालथे घालून ठेवावे व सकाळी उचलावे. घमेल्याच्या आतल्या बाजूस दव साचलेले दिसले तर ओल अजून खालून येत आहे, आणि दुरुस्ती वरच्या थराची नव्हे तर अंगणातील चराची करावयाची आहे.